सगळ्यांच्या ओळखीची मुलगी

सिंगापूर, २००६ साल, मार्चचा दुसरा शनिवार. प्रशिक्षणाची फी तीनशे डॉलर, शाळेने दिलेली. हजर आम्ही सात जण: शिकवायला एक निवृत्त चिनी मुख्याध्यापिका आणि शिकायला सहा पालक. सहापैकी पाच मराठी, कारण स्वयंसेवक जमवायचं काम ज्या बाईंकडे होतं त्यांनी गणपतीच्या यादीतल्या लोकांनाच ईमेल पाठवली होती. सहाव्या एक तमिळ बाई होत्या, बँकेत काम करणाऱ्या.

माझी मुलगी त्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत आठवीत होती. ज्यांना प्रवेश नाकारला जाई त्यांचं अपील तीन पालकांची समिती ऐकत असे, आणि ही समिती आमच्यातून निवडायची होती. मी पाया लेबारला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो. मला वाटलं, नियम लावायचे, उत्तर काढायचं, घरी जायचं.

मुख्याध्यापिकेने शिकवलं मात्र नीट. दोनच प्रश्न विचारा, ती म्हणाली. शाळेने नियम बरोबर लावला का? लावला असेल, तर जागा न मिळाल्याने मुलाचं होणारं नुकसान हे वर्गात एक मूल वाढल्याने होणाऱ्या अडचणीपेक्षा मोठं आहे का? मग सरावासाठी तिने एक प्रकरण वाचायला घेतलं. नावं काढून टाकली होती. वडील विद्यापीठात संशोधक, क्लेमेंटीला भाड्याने राहतात. अर्जाची मुदत चुकली. मुलगी सहा वर्षांची, कथक शिकते. आई पुण्यात दातांची डॉक्टर होती.

"अय्या, ही तर आपल्या गणपतीत नाचलेली!" माझ्या शेजारच्या बाई मराठीत म्हणाल्या.

"तीच. तिच्या आईनेच मला सांगितलं, दाढ काढू नका म्हणून," ईमेलवाल्या बाई म्हणाल्या.

"मुदत चुकली म्हणे!" वन-नॉर्थ भागात नोकरी करणारे एक गृहस्थ उसळले. "दिवाळीपासून इथं आहे तो. झोपला होता का? आमच्या मुलाला वर्षभर वेटिंगवर ठेवलं, तेव्हा कुठं होतं हे अपील?"

"अहो, पण जागा नाही मिळाली तर ती बिचारी पोरीला घेऊन परत पुण्याला जाणारे. तिथल्या शाळेने मार्चअखेरपर्यंतच जागा धरलीय. मग नवरा इथं आणि बायको तिथं," शेजारच्या बाई म्हणाल्या.

"मग देऊन टाकू की. आपलंच माणूस आहे," ईमेलवाल्या बाई म्हणाल्या.

चर्चा रंगली असं वाटून मुख्याध्यापिका खूश झाली. "व्हेरी गुड! पण इंग्लिशमध्ये बोला, लाह," ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

परदेशातल्या मराठी माणसाला ओळख पटवायला नाव लागत नाही. क्लेमेंटी, कथक आणि दाढ एवढं पुरतं. मी मुख्याध्यापिकेला म्हणालो, हे घर आमच्या ओळखीचं आहे, हे प्रकरण जुनं आहे का? तिने कागद उलटून पाहिले आणि तिचा चेहरा पडला. ऑफिसने नमुना म्हणून चालू प्रकरणच दिलं होतं. सुनावणी येत्या बुधवारी होती.

"तुम्ही सगळे यांना ओळखता?" तमिळ बाई म्हणाल्या. "मला वाटलं विनोद चाललाय."

मी म्हणालो, आम्हा पाच जणांपैकी कुणालाही या समितीत बसता येणार नाही.

"आले ऑडिटरसाहेब!" वन-नॉर्थवाले म्हणाले.

"भाऊ, बुधवार गेला तर त्या पोरीचा महिना संपतोय, कळतंय का तुम्हाला?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

कळत होतं. म्हणूनच जास्त संताप येत होता. मुख्याध्यापिकेने माझं ऐकलं आणि बुधवार रद्द झाला. नवे दोन पालक शोधायचं काम माझ्याच गळ्यात आलं. एक पंजाबी गृहस्थ आणि एक मल्याळी बाई तयार झाल्या, पण त्यांच्यासाठी प्रशिक्षण पुन्हा घ्यायला हवं होतं आणि शाळा दुसऱ्यांदा पैसे देईना. मी आमच्यातल्या बाकी चौघांना कळवलं: पाच जणांत वाटून प्रत्येकी साठ डॉलर.

"दंडच की हा!" ईमेलवाल्या बाई फोनवर म्हणाल्या.

"दंड नाही, वाटणी."

त्याच आठवड्यात क्लेमेंटीच्या मार्केटात माझ्या बायकोला त्या मुलीची आई भेटली. "तुमच्या मिस्टरांचं आम्ही काय वाकडं केलं होतं?" एवढंच बोलली आणि गेली. बायकोने घरी येऊन पिशवी ओट्यावर आदळली.

"मी काय करायला हवं होतं?" मी म्हणालो. "ओळखीवर जागा वाटायची? मग ज्याची ओळख नाही त्याने कुठं जायचं?"

"भाषण नको. जागा मिळाली नाही तर तिच्यासमोर मी उभी राहायची का तुम्ही?"



पुढच्या शनिवारी दुसरं प्रशिक्षण झालं आणि त्यानंतरच्या बुधवारी सुनावणी. तमिळ बाई आणि नवे दोघे अशा तिघांनी मुलीच्या वडिलांना तेच दोन प्रश्न विचारले. वडील दिवाळीपासून सिंगापुरात होते हे खरंच होतं. पण मुलीचा इथं राहण्याचा सरकारी पास मुदत संपल्यावर आला होता, आणि शाळेच्याच नियमाप्रमाणे पासाशिवाय अर्ज घेत नाहीत. म्हणजे मुदत तिला लागूच होत नव्हती. आम्हाला तिचं कथक माहीत होतं, आईचा स्वभाव माहीत होता, पुण्याची शाळा माहीत होती. पास कधी आला हे पाचांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

अपील मंजूर झालं. गणपतीच्या मंडळींत ही बातमी "ऑडिटरने अडवलं होतं, तरी मिळालं" अशी फिरली. तिची आई माझ्याशी आजतागायत बोललेली नाही.

मुख्याध्यापिकेला दुसरे तीनशे डॉलर दिले. त्यात एकशे वीस माझे, कारण वन-नॉर्थवाल्यांनी त्यांचे साठ दिलेच नाहीत. आणि मार्च संपायच्या आत मुलीची प्रवेश फी तिच्या वडिलांनी शाळेच्या खिडकीवर भरली.