वासराचा डोस आणि अध्यक्षांचा फोटो

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बारामतीत डीटीपीची दुकानं निघाली, तेव्हा प्रत्येकाच्या पाटीवर एकविसावं शतक आधीच येऊन बसलं होतं. आमच्या कॉलेजजवळच्या दुकानात प्रत्यक्षात दोन कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि हे सगळं चालवणाऱ्या एक बाई होत्या. वडगाव निंबाळकरहून त्या रोज एसटीनं यायच्या. मी कॉलेजात शिकवायचो आणि फावल्या वेळात तिथं मुद्रितं तपासायचो.

इंदापूरच्या एका निवृत्त पशुवैद्यांनी गोठेवाल्यांसाठी पुस्तिका लिहिली होती. छपाईचा भार एका दूधसंस्थेनं उचलला, त्यामुळे पहिली आठ पानं शुभेच्छांनी आणि फोटोंनी भरली. वासराला जंताचं औषध किती पाजायचं, ते नवव्या पानावर.

बाईंनी पुस्तिकेची पीडीएफ करून फ्लॉपी पुण्याच्या छापखान्यात पाठवली. तिकडून नमुना प्रत आली. अक्षरं जागच्या जागी होती, पण औषधाच्या तक्त्यातली दशांशचिन्हं गळाली होती. १.५ मिलीचे १५ मिली झाले होते.

डॉक्टरांनी तक्ता दोनदा वाचला. "जंत मरतील, पण वासराच्या मागनं," ते म्हणाले. "हे असं छापायचं न्हाय."

दुकानाच्या मालकांनी पुण्याला दोष दिला. बाईंनी प्रिंटर ड्रायव्हरची सेटिंग उघडली. तेव्हा पीडीएफ करायची म्हणजे दुकानात नसलेल्या प्रिंटरला छपाईचा हुकूम द्यायचा. कागदाऐवजी फाइल बाहेर पडायची. फॉन्ट बरोबर पाठवायचा की समोरच्याचा वापरायचा, हे त्या सेटिंगमध्ये ठरे. आमचा गेलाच नव्हता. पुण्यात त्याच नावाचा जुना फॉन्ट होता आणि आमच्या दशांशचिन्हाच्या जागी त्यात काहीच नव्हतं.

"लेक सासरी धाडली सर, आणि आपणच तिला कपडे तिकडचेच घाल म्हणालो," बाई मला म्हणाल्या.

त्यांनी फॉन्ट बरोबर जाईल असं केलं. मग अक्षरं ठिपक्यांनी पाठवायची की रेषांनी, हा प्रश्न आला. दोन्ही करून त्यांनी पडद्यावर मोठी करून पाहिली. ठिपक्यांची अक्षरं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती, रेषांची ठरली. त्यांची रीतच ती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते वहीत लिहायचं, मगच पुढची. माझ्या ओळखीचे बरेच विद्वान एकदम तीन गोष्टी बदलतात आणि काम झालं की चौथीचं श्रेय घेतात.

आता फाइल फ्लॉपीत मावेना. दोन फ्लॉप्यांवर तोडली तर दुसरी पुण्यात उघडेलच याची खात्री नव्हती.

"फॉन्ट काढा," मालक म्हणाले. "फोटोंना हात लावू नका. अध्यक्ष धुरकट दिसले तर?"

"दिसू द्या की. अध्यक्षांकडं बघून कुणी वासराला औषध पाजत न्हाय," बाई म्हणाल्या.

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून हसले. मालकांनी पंख्याचा वेग वाढवला, ती त्यांची संमती असावी. बाईंनी फोटोंचं रिझोल्यूशन निम्मं केलं आणि फाइल मावली. मग त्यांनी फ्लॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घातली. त्यावर फक्त इंग्रजी पत्रं टाइप होत. मराठी फॉन्ट मुद्दामच टाकलेला नव्हता.

"हितं बरोबर दिसलं तर कुठंबी दिसंल," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी हस्तलिखितातला एकेक आकडा वाचला, बाईंनी तो पडद्यावर बोटानं दाखवला. एवढ्या गांभीर्यानं वाचलेलं मुद्रित मी माझ्या नोकरीत दुसरं पाहिलं नाही.

छापील प्रती आल्या, तेव्हा अध्यक्ष जरा धुक्यात उभे होते. डॉक्टरांनी ती आठ पानं एकदमच उलटली. तक्त्यावर बोट ठेवून ते सावकाश शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि बाईंना म्हणाले, "आता खुशाल वाटा म्हणावं संस्थेला."