सारख्या आवाजावर

नवीन जालन्यातल्या एका स्टुडिओत मी बियाण्यांच्या जाहिरातींना आवाज देते. तिथले रेकॉर्डिंगवाले काका गाणं ऐकताना कधी मान डोलावत नाहीत. पडद्यावरची आवाजाची पट्टी लाल रेषेला टेकू नये, म्हणून तिच्याकडे बघत बसतात. माझ्याशी फारसं बोलत नाहीत. मला ते बरं वाटतं.

परवा मंठ्याहून एकजण आला. वारलेल्या आईच्या आवाजातल्या, मोबाइलवर घेतलेल्या ओव्या त्याला वर्षश्राद्धाला भोंग्यावर लावायच्या होत्या.

"काका, लई बारीक येऊन राह्यलं. डीजेवानी दणदणीत करा ना!"

"करतो. पण मंग दोन्ही ऐक."

मोठी केलेली ओवी आणि मूळची ओवी काकांनी सारख्याच आवाजावर आणून लावल्या. नुसतं मोठं आहे म्हणून चांगलं वाटू नये, ही त्यांची रीत. आईनं लेकाचं नाव जिथे उंच उचललं होतं, तिथे मोठ्या केलेल्या ओवीत बारीक शब्दही वर ओढल्यानं ते बाकीच्या शब्दांइतकंच सपाट झालं होतं.

तो काकांकडे वळला.

"मूळचंच द्या. भोंग्याचं बटन मी फिरवीन."

"तुझंच नाव का रे ते?"

त्यानं 'हो' म्हणून मान हलवली. कुणी न सांगता काकांनी मूळची तेवढी ओवी पुन्हा लावली.