दुसरी गोलकीपर

आमचा आइस हॉकीचा संघ त्या वर्षी नवाच उभा राहिला होता. बाहेर अंगाची लाही होत असताना जुरोंग ईस्टच्या एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर बर्फावर धावणारी आम्ही बारा-तेरा माणसं, बाया आणि पुरुष मिळून. सगळी नोकरी करणारी. कोणी बँकेतलं, कोणी इस्पितळातलं. कर्णधार शाळेत गणित शिकवणारी पन्नाशीची चिनी बाई होती. मी एका प्रयोगशाळेत धातूंच्या पातळ थरांवर संशोधन करत होते, आणि शनिवारी दुपारी गोलात उभी राहत होते.

मी गोलकीपर झाले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. नागपूरला शाळेत असताना रोलर स्केटिंग केलं होतं, तेवढंच. मुलीला बर्फावरच्या स्केटिंगच्या क्लासला घातलं, दोन रविवार बाकावर बसून कंटाळले आणि तिसऱ्या रविवारी स्वतःच बूट चढवले. पस्तिशी उलटली होती. वर्षभराने कर्णधारबाईंनी विचारलं, गोलात उभी राहशील का? रबराची ती कडक काळी चकती अंगावर यायची म्हणून बाकी सगळे मागे सरले होते. मी हो म्हणाले. मास्क घातला, पायांना उशांएवढे पॅड बांधले आणि पहिल्यांदाच मला या परक्या शहरात माझी अशी जागा मिळाल्यासारखं वाटलं. मी फार चांगली नव्हते. पण ती जागा माझी होती.

पहिले चार सामने आम्ही हरलो. एकदा तर सात गोल बसले. सामना संपला की कर्णधारबाई येऊन माझ्या पॅडवर स्टिकने दोनदा टकटक करायच्या आणि पुढे जायच्या. बाकीचे बूट सोडायला बसायचे. हरल्यावर असंच असतं, असं मी धरून चालले होते.

त्या दुसरीला संघात मीच आणलं. एका शनिवारी जुरोंग ईस्टच्या मेट्रो प्लॅटफॉर्मवर, घरी जायला यिशुनच्या गाडीची वाट बघत उभी होते. पायाशी छोट्या फ्रिजएवढी बॅग आणि फोनवर नागपूरहून आई.

"काय करून राहिली?"

"खेळून आले, आई."

"हरली का?"

"हरले."

"मग कशाला जाते?"

मागून कोणीतरी हसलं. वळून बघितलं तर पंचविशीच्या आसपासची, केस मागे घट्ट बांधलेली एक मुलगी.

"सॉरी ताई, मराठी ऐकलं म्हणून थांबले," ती म्हणाली. "त्या बॅगेत काय आहे?"

पुण्याची होती, आयटीत. चार महिन्यांपूर्वी आली होती आणि बेडोकला दोघींबरोबर फ्लॅटमध्ये राहत होती. लहानपणापासून चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळलेली. मी गाडी सोडली आणि तिच्याशी वीस मिनिटं बोलत राहिले. पुढच्या सरावाला ये म्हणून मीच तिच्या मागे लागले.

ती आली आणि पुढच्या फळीत खेळू लागली. चपळ होती, नम्र होती. सगळ्यांसमोर मला ताई म्हणायची, म्हणून दोन चिनी मुलंही मला ताई म्हणायला लागली. मला ते आवडायचं. मग मला ताप आला आणि एका सरावाला जाता आलं नाही. गोलात कोणीतरी हवं म्हणून ती उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात कर्णधारबाईंनी मला बाजूला घेतलं. "शनिवारी तिला उभं करून बघू या," त्या म्हणाल्या. "तूही दमली आहेस. यू ओके?"

"अर्थात," मी म्हणाले.

राखीव गोलकीपरचं काम काय असतं, ते मला त्या शनिवारी कळलं. बाकाच्या टोकाला बसायचं. खेळाडू बदलताना लाकडी फळीतलं छोटं दार उघडायचं, माणूस आत आला की लावायचं. पुन्हा उघडायचं, पुन्हा लावायचं. पूर्ण सामान अंगावर चढवून मी तासभर दार उघडत होते.

आम्ही हरलो. सहा-दोन. आणि सामना संपल्यावर सगळे जण तिच्याकडे धावले. बँकेतला तो अबोल मुलगाही. कोणी तिला मिठी मारली, कोणी तिच्या मास्कवर डोकं टेकवलं. कर्णधारबाईंनी तिच्या पॅडवर टकटक केली नाही, त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी दारापाशी उभी राहून बघत होते. मीही सहा गोल खाल्ले होते, त्याच संघाकडून. तेव्हा हे सगळे कुठे होते?

नंतर हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या गर्दीत, जेवताना टेबलाचा तिच्या बाजूचा भाग भरला आणि माझ्या बाजूला बॅगा आल्या. माझी नऊ वर्षांची मुलगी त्या दिवशी सामना बघायला आली होती. गाडीत ती इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली, "आई, शी इज सो गुड, ला! ती खाली कशी बसते बघितलंस? लाइक अ कॅट."

"आपण हरलो," मी म्हणाले.

"बट शी इज गुड."

घरी नवऱ्यालाही तिने तेच सांगितलं, खाली बसून दाखवलं. तो हसला आणि मला म्हणाला, "बरं झालं ना, तुझ्यावरचा ताण गेला." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भांडी नसताना हात धूत राहिले.

त्यानंतरचे सामनेही आम्ही हरत गेलो. मी बाकावर बसून दार उघडत होते आणि तिच्या चुका गोळा करत होते. ती डाव्या खांबापासून लवकर सुटते. ती उजवा गुडघा उशिरा टेकवते. गोल बसला की बाकावरचे सगळे कण्हायचे, मीही कण्हायचे, आणि आत कुठेतरी बारीक आवाजात म्हणायचे, बरं झालं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. नंतर नंतर लाज वाटेनाशी झाली.

शेवटून दुसरा सामना निळ्या जर्सीवाल्यांशी होता. त्यांच्याकडे एक उंच माणूस होता, गोरा, चाळिशीचा. हंगामाच्या सुरुवातीला त्याने माझ्यावर तीन गोल केले होते, तिन्ही एकाच पद्धतीने. तो वरच्या कोपऱ्याकडे बघतो, स्टिक उचलल्यासारखी करतो, गोलकीपर हात वर नेते, आणि चकती बर्फालगत घसरत पायाशेजारून आत जाते. तिसऱ्या गोलाच्या वेळी मला दिसलं होतं: खाली मारायचं असलं की त्याचा उजवा खांदा आधी खाली जातो. खरंच वर मारणार असेल तर जात नाही.

सामन्याआधी कपडे बदलताना ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"ताई, तो उंच माणूस कसा मारतो हो? तुम्ही त्याच्यासमोर खेळला आहात. मला भीती वाटतेय."

मी पॅडचा पट्टा आवळत होते. "तसं खास काही नाही गं," मी म्हणाले. "नजर चकतीवर ठेव."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या दिवशी आम्ही खरोखर चांगलं खेळलो. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. बाकावर कोणी बसलेलं नव्हतं. कर्णधारबाई मनगटावरचा लाल दोरा ओढत होत्या. हरलो नाही तरी आम्हाला जिंकल्यासारखंच होतं. आणि तो उंच माणूस एकटाच सुटला. त्याच्या आणि तिच्या मध्ये कोणी नव्हतं. त्याने वर बघितलं. खांदा खाली गेला, मला बाकावरून दिसला, इतका स्पष्ट की मी तोंड उघडलं. ओरडले असते तर ऐकू गेलं असतं का, माहीत नाही. मी ओरडले नाही. तिचा हात वर गेला आणि चकती खालून आत गेली.

बाकावर सगळे कोसळले. मी उभी होते. बरं झालं, हे आतून आलं, आणि या वेळी तो आवाज बारीक नव्हता.

कपडे बदलायच्या खोलीत ती मास्क मांडीवर घेऊन रडत होती. सगळे तिच्याभोवती होते. गर्दीतून तिने मला शोधलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही असतात तर अडवला असता." कर्णधारबाईंनी विचारलं, काय म्हणाली ती? मला त्याचं इंग्रजी करून सांगावं लागलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मोठ्या मनाची बाई म्हणून.

तो हात मला सहन झाला नाही. पुढचा आठवडाभर प्रयोगशाळेत काम करताना मध्येच पाठीवर तो जाणवायचा. शेवटी शनिवारी सामना नव्हता, तेव्हा मी तिला फोन करून बेडोकला गेले. बसच्या इंटरचेंजजवळच्या हॉकर सेंटरमध्ये ती आधीच येऊन बसली होती. माझ्यासाठी कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेऊन ठेवली होती.

"तू त्या उंच माणसाबद्दल विचारलंस ना," मी म्हणाले, "तेव्हा मी खोटं बोलले. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

मी खांद्याचं सांगितलं.

"कधीपासून?"

"पहिल्या सामन्यापासून."

ती ग्लासमधला बर्फ स्ट्रॉने ढवळत राहिली. "मग का नाही सांगितलंत?"

गाडीत मी दोन-तीन उत्तरं जुळवून ठेवली होती. खात्री नव्हती, विसरले, तू घाबरशील असं वाटलं. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "तू अडवू नयेस असं वाटत होतं," मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने ताटल्या गोळा केल्या, परत ठेवायला नेल्या. तिने स्ट्रॉ काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तो गोल कोणीतरी मोबाइलवर घेतलाय. मी आठवडाभर तो बघतेय. माझं काय चुकलं ते शोधतेय."

"तुझं काही चुकलं नाही."

"ते आता कळलं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला तुमची जागा नको होती. एकदा म्हणाला असतात तर मी परत पुढे खेळले असते. मला पुढे खेळायलाच आवडतं."

हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माफ कर, असं मी म्हणाले, पण ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती उठली, पिशवी खांद्याला लावली. मला वाटलं, संपलं.

"उद्या सरावाला येणार ना?" ती म्हणाली. "शेवटचा सामना त्यांच्याशीच आहे. तो कसा मारतो ते मारून दाखवा."

रविवारी सकाळी बाकीचे यायच्या आत आम्ही दोघी बर्फावर होतो. मी गोलकीपरचं सामान काढून ठेवलं, साधी स्टिक घेतली आणि तो उंच माणूस झाले. वर बघायचं, स्टिक उचलायची, खांदा टाकायचा, खालून मारायचं. पहिले तीन आत गेले. चौथा तिने पायाने अडवला. पाचवा अडवला, सहावा अडवला. सातव्या वेळी मी खांदा न टाकता वर मारला, तर तोही तिने हातमोज्यात झेलला.

मी स्टिकवर भार देऊन धापा टाकत उभी राहिले. मला खांदा दिसला होता हे खरं. पण दिसल्यानंतरही तो फटका मी स्वतः एकदाही अडवला नव्हता, आणि तिला चारच फटके पुरले. मी इतके महिने जपून ठेवलेली गोष्ट माझ्या काही कामाची नव्हती. सगळं सांगून मोकळी झाल्यावर निदान मत्सर तरी जाईल असं मला वाटलं होतं. तो तसाच होता. उलट आता त्याला कारण सापडलं होतं.

"अजून," ती म्हणाली. मी अजून मारले.

शेवटचा सामना आम्ही हरलो. तीन-एक. पण उंच माणूस दोनदा एकटा सुटला आणि दोन्ही वेळा तिने त्याला थांबवलं. दुसऱ्या वेळी तर तो तसाच वळून मान हलवत हसत गेला. मी बाकावर दार धरून उभी होते. अख्ख्या हंगामात एकही विजय नाही, तरी आमची माणसं टाळ्या वाजवत होती.

सामन्यानंतर दोन्ही संघ समोरासमोर ओळीत सरकत एकमेकांशी हात मिळवतात. ती माझ्या पुढे होती. उंच माणूस तिच्यापाशी थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुला कसं कळलं?"

तिने मास्क कपाळावर सरकवला. मी तिच्या मागे दोन हातांवर होते. ती वळून बघेल असं मला वाटलं. ती वळली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही वळले नसते, पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

"अंदाज आला," ती म्हणाली, आणि पुढच्याचा हात हातात घेतला.

मग त्याने माझा हात घेतला. "गुड गेम," तो म्हणाला. मी एक मिनिटही खेळले नव्हते. मी थँक यू म्हणाले.

पुढच्या हंगामाआधी तिला मेलबर्नला नोकरी मिळाली. निरोपाच्या जेवणात तिने सगळ्यांना मिठ्या मारल्या, मलाही मारली, बाकीच्यांएवढीच. गोलात मी परत उभी राहायला लागले. आमचा संघ आता अधूनमधून जिंकतो.

तिथेही ती एका संघात खेळते, पुढच्या फळीत नाही, गोलातच. त्यांचे निकाल मी मोबाइलवर बघते. ते हरले असतील तर किती गोल बसले ते आधी बघते, आणि मग तिला धीर देणारा लांबलचक मेसेज लिहिते. तिचं उत्तर येतं, एका ओळीचं.