रावसाहेबांचा नातू पार्षदपदाला उभा राहिला तेव्हा

माझे मोठे काका भिलाई नगर निगमच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून पार्षदपदाला, म्हणजे नगरसेवकपदाला, अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पडले. पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन तेव्हा त्यांना दोन वर्षे झाली होती.

काका भंडाऱ्याकडच्या एका मालगुजार जमीनदार घराण्याचे थोरले वारस. मालगुजारी कायद्याने गेली, जमीन वाटण्यांमध्ये गेली आणि काका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायला भिलाईत आले. त्यांच्या आजोबांना इंग्रज सरकारने रावसाहेब ही पदवी दिली होती. दुष्काळात धान्याची कोठारे उघडली म्हणून, असे घरात सांगत. मी बातमीदार; पदवीसोबत आलेले पत्र मी वाचले आहे. त्यात एका साहेबाच्या वाघाच्या शिकारीला हाकारे पुरवल्याबद्दल आभार आहेत. दुष्काळ नाही.

सेक्टर सहामधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्येही काकांनी एक रीत सोडली नाही. मालगुजार कोणाच्या दारी जात नाही, लोक त्याच्याकडे येतात. संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसत. येणाऱ्यांत बहुतेक वेळा डास असत. रेशनच्या रांगेत काकू उभी राहायची.

रावसाहेबांनंतर घरात एकही पद आले नव्हते, हे काकांच्या मनाला लागलेले होते. आपल्यामागे दारावर फक्त क्वार्टरचा नंबर राहील, असे ते म्हणत. त्यांना तिथे 'पार्षद' लिहिलेली पाटी हवी होती. दुसरे काहीही नको होते, आणि ते त्यांनी लपवले नाही.

पत्रके सुपेला बाजारातल्या प्रेसमध्ये छापली. इतर उमेदवारांच्या पत्रकांवर नाली, दिवाबत्ती आणि पाणी होते. काकांच्या पत्रकावर हिंदीत छापलेली सात पिढ्यांची वंशावळ होती, शेवटच्या चौकटीत स्वतः काका. खाली एक जुना फोटो. रावसाहेब खुर्चीत बसलेले, मागे एक माणूस त्यांच्यावर छत्री धरून उभा.

"यात नालीचं काहीच नाही," काकू म्हणाली.

"नाली सारेच लिहितात."

"मंग सारेच येडे हायत का?"

मतांचा हिशेब काकूनेच मांडला. मागच्या गल्लीतल्या फोरमनकडे गेल्याशिवाय निवडून येणे शक्य नव्हते. फोरमनही निवृत्त झालेले होते, आणि ती बौद्ध वस्तीची गल्ली त्यांना विचारल्याशिवाय कोणाला मत देत नसे. अडचण अशी की ते अकरा वर्षे काकांचे वरिष्ठ होते. शिवाय काकांच्याच गावचे. त्यांचे आजोबा रावसाहेबांकडे कामाला होते. हे दोघांनाही ठाऊक होते, आणि अकरा वर्षांत शिफ्टमध्ये कोणीही ते बोलले नव्हते.

"त्याईलेच इकडे बोलवू," काका म्हणाले.

"बोलवा. येतेत का पाहा. पाय झिजत नाहीत तुमचे, जा."

मी त्यांना स्कूटरवरून नेले. अंतर चालण्याचे होते, पण चालत जाताना लोकांनी पाहिले असते.

दार फोरमननीच उघडले. "या मालक. आज सूर्य कोणीकडून निघाला?"

काका एकुलत्या एका खुर्चीवर बसले, मग काय वाटले कोण जाणे, उठून दिवाणावर फोरमनशेजारी बसले. चहा आला. फोरमननी चष्मा लावून पत्रक वाचायला घेतले.

"सात पिढ्या. अन् मिलमध्ये एक दिवसाची सुट्टी मागाले आले की बापाचं नावबी घाईघाईनं लिहित होते."

"तेव्हा तुमी सही करत होते, सर."

"आताबी मलेच सही करा लागते का?" म्हणत फोरमननी पत्रक डोळ्यांजवळ नेले आणि बराच वेळ तिथेच धरले. "हा छत्रीवाला कोण हाय?"

"असन कोणी घरचा गडी."

"माझा आजा हाय. बापानं सांगितलं होतं, साहेबाच्या क्यामेऱ्यात उभा केलता म्हणून. आमच्या घरात त्याचा एकबी फोटो नाही. मी त्याले आज पहिल्यांदा पाहून राहिलो."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्या आजोबांचे नाव विचारले. फोरमननी सांगितले, त्यांच्या बापाच्या नावासह.

"लिहून टाका," फोरमन म्हणाले. "लिहिलं म्हणून मत भेटनच असं नाही, हेबी सांगून ठेवतो."

पुन्हा छापायला काकूने नकार दिला. उरलेल्या गठ्ठ्यांवर काकांनी बॉलपेनने छत्रीवाल्याचे नाव लिहायला घेतले. अंगणात आम्ही तिघे तीन दुपारी तेच करत होतो. काकांचे अक्षर चांगले, काकूचे वाचता येण्याजोगे, माझे बातमीदाराचे.

त्यातल्याच दुसऱ्या दुपारी काकांचे चुलतभाऊ वाटलेले एक पत्रक घेऊन आले. आमच्या गल्लीत निम्मी घरे भाऊबंदांचीच होती.

"दादा, छत्रीवाल्याचं नाव रावसाहेबाईच्या बाजूले? लोक हसून राहिले. खोडा."

"कावून खोडू? फोटोत हाय ना तो."

"मंग आमच्याकडून मत धरू नका."

"नाही धरत," काकू न थांबता लिहीत म्हणाली. "तुमी आपलं मत सावलीत ठेवा, उनात खराब होईन."

काकांनी खोडले नाही. घरोघर मात्र ते गेले. प्रत्येक दारात पत्रक देऊन फोटोतल्या दोन्ही माणसांची नावे सांगत आणि हात जोडत. नालीबद्दल कोणी विचारले तर काकू उत्तर देई.

मतमोजणी झाली. चार उमेदवारांत काका तिसरे आले. फोरमनच्या गल्लीच्या मतदान केंद्रावर ते पहिले होते. आमच्या केंद्रावर चौथे.