दादाचं अवघड इंग्रजी

आमचा दादा शाळेची बस चालवतो. शिक्षण आठवी नापास, पण रुबाब असा की बस नाही, विमानच उडवतोय.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. नजर तपासताना मी समोरच्या पाटीवर इंग्रजी शब्द लिहिते, तेही कुणी बापजन्मात न ऐकलेले. कारण सोपा शब्द लिहिला की माणसं पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देतात. दिसत नाही म्हणायची सगळ्यांना लाज! अवघड शब्द मात्र एकेक अक्षर लावतच वाचावा लागतो. त्यासाठी दुकानात एक जाडजूड शब्दकोश ठेवलाय; त्यात खुणा केलेले शब्द मी नेहमी त्याच क्रमाने लिहिते.

गेल्या वर्षी दादाने तो घरी नेला.

"या वयात कशाला रे?"

"बसमधली पोरं इंग्रजी झाडतात. मी काय नुसता हॉर्न वाजवू?"

मग काय विचारता! पोटात गुरगुरलं की हा ओरडणार, "बॉरबोरिग्मस!" दुसऱ्याच्या खाण्याकडे आशाळभूतपणे बघण्याला 'ग्रोक' म्हणतात म्हणे. माझा नवरा शेवटच्या बिस्किटाकडे बघत होता, तर भर पाहुण्यांत म्हणाला, "जावईबापू ग्रोक करतायत, द्या त्यांना." आणि परवा घडलेल्या गोष्टीला 'न्यूडियस्टर्शियन'. "आपलं तीन अक्षरांत भागतं," दादा म्हणायचा, "यांना एवढं लटांबर लागतं!"

शब्द वहिनी वाचून दाखवायची, हा पाठ करायचा. स्वतः का नाही वाचत, असं मी विचारलंही होतं.

"बायकोच्या तोंडून भांडण सोडून काहीतरी ऐकायला मिळतंय, ते का सोडू?"

सगळे हसले. मीही हसले.

बस चालवणाऱ्यांना दरवर्षी नजर तपासून घ्यावी लागते. दादा माझ्याकडेच येतो. या खेपेला खुर्चीत बसला आणि पाटीवरचे शब्द अर्थासकट धडाधड म्हणून मोकळा झाला. कुठे अडखळणं नाही, काही नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या झटपट माझी पाटी आजवर कुणी वाचली नव्हती. मी ती पुसली, लिहिल्यासारखा नुसता हात फिरवला आणि बाजूला झाले.

"हा वाच."

दादाने डोळे बारीक केले, मान पुढे काढली. "हात्तिच्या, सोप्पा आहे. बॉरबोरिग्मस."



"दादा, पाटी कोरी आहे."

त्याने खिशातून बसची किल्ली काढून टेबलावर ठेवली, परत उचलली. "बस गेली तर मी करू काय गं, ठमे?" लहानपणापासून तो मला ठमी म्हणतो. त्याचा आवाज इतका रडवेला मी कधीच ऐकला नव्हता, तरी माझं डोकं फिरलं.

"आणि पोरांचं काय रे? एखादं आडवं आलं असतं म्हणजे?"

"हळूच चालवतो गं."

"हळू चालवल्याने दिसतं का मेल्या?"

गिऱ्हाइकांसमोर कडाक्याचं भांडलो. शेवटी मी किल्ली हिसकावून गल्ल्यात टाकली आणि त्याला हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला.

"इतके दिवस भागवलंत कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाठांतरावर," मी म्हटलं.

दोन्ही ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तरी मी किल्ली देईना. आधी माझ्या खुर्चीत बस म्हटलं. पाटीवर मनाला येतील ती अक्षरं एकापुढे एक लिहून टाकली.

दादा बराच वेळ बघत राहिला. मग पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत, अडखळत, शेवटपर्यंत वाचलं. सगळी अक्षरं बरोबर. वाचून झाल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"असा शब्दच नाही जगात! काय वाट्टेल ते खरडतेस होय गं, ठमे?"

"नाहीच आहे," मी म्हटलं, डोळे पुसले आणि गल्ल्यातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली.