सामायिक डिग्री

सामायिकात कधी पाय घालायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. आणि ‘का?’ असं विचारायचं नाही, हा त्याच्या पाठीवर जन्मलेला धाकटा नियम!

हसू नका, चहा सांडेल. तुम्ही घरचे म्हणून सांगते, या नियमाशी भांडता भांडता मी भर कॉलेजात जो पराक्रम केला, तो शत्रूनंसुद्धा करू नये. गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची डिग्री आज माझ्याकडे आहे, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नका. पण प्रवेश मिळाला तो दुसऱ्या फेरीत. पहिल्या यादीत नाव असून! कसं काय? तेच तर सांगतेय.

बाबा लष्करात, आई त्यांच्याबरोबर पोस्टिंगवर. मी शिकायला कोरेगावजवळ, थोरल्या चुलत्यांकडे. म्हणजे तात्या आणि काकू. तात्यांची विहीर भावकीत सामायिक. आज पाण्याची पाळी कुणाची, यावरून जी भांडणं चालू आहेत ती माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यामुळे तात्यांनी त्या शब्दाचाच धसका घेतलेला. आम्ही भावंडांनी बाजारात एका पुड्यातली भेळसुद्धा खायची नाही. “ज्याचा त्याचा पुडा येगळा!”

तर बारावी झाली. मला गणितही सोडायचं नव्हतं आणि कॉम्प्युटरही. साताऱ्यात चौकशी केली, तर तिथे हे धरा नाहीतर ते धरा. सांगलीच्या एका कॉलेजात मात्र दोन्हींची मिळून एकच डिग्री होती. ठरलं! सांगली!

आता हे तात्यांना कसं सांगायचं? मी पडले हुशार. म्हटलं, ‘कंबाइन्ड’ वगैरे त्यांना कुठे कळणार? आपणच सोपं करून सांगावं.

“तात्या, तिथे गणित आणि कॉम्प्युटर सामायिक असतं.”

तोंडाशी नेलेली बशी तिथल्या तिथे थांबली.

“सामायिक? म्हंजी निम्मं निम्मं?”

“हो.”

“वाटणी झाली न्हाई?”

“वाटणी कसली? एकत्रच असतं ते!”

“मग सांगली बंद. साताऱ्याला जायाचं. एकच इषय, सोताच्या नावावर.”

आता कुणीही शहाण्या मुलीनं तिथेच बसून समजावलं असतं की नाही? पण मी आणि समजावणं! “तुम्हाला काही कळत नाही” म्हणाले, ताट सरकवलं आणि माडीवर जाऊन बसले. भूक लागली तेव्हा खाली आले, ते वेगळं.

मग दोन दिवसांनी सकाळी तात्यांनी मला हाक मारली. चेहरा असा उजळलेला, जणू कोर्टाचा निकालच लागला!

“पोरी, लय इचार केला. तुजं बी मन मोडाय नगं. आपून पाळी लावायची.”

“कसली पाळी?”

“सोमवार, मंगळवार, बुधवार साताऱ्यात गणित. बेस्तरवार ते शनवार सांगलीत कॉम्प्युटर. वाटणी बी झाली आन् तंटा बी न्हाई.”

“आणि रविवारी?”

“रविवारी उसाला पानी.”

काकू चुलीपुढून म्हणाली, “आवं, पन पोरगी झोपंल कवा?”

“यष्टीत!”

सांगा, अशा माणसाशी काय बोलणार? मी ठरवलं, आता जे काय बोलायचं ते सांगलीतच. पण प्रवेशाच्या दिवशी तात्या पटका बांधून माझ्याआधी यष्टीत! शेजारी काकू, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन.

कॉलेजच्या हॉलमध्ये ही गर्दी. पद्धत अशी की नाव पुकारलं की टेबलापाशी जायचं. हो म्हटलं की जागा आपली. नको म्हटलं की पुढचं नाव. टेबलामागे एक सर आणि कॉम्प्युटरपुढे एक मॅडम.

माझं नाव आलं.

“गणित आणि संगणकशास्त्र, संयुक्त पदवी,” सर हसून म्हणाले. “घेणार ना?”

मी तोंड उघडलं, पण तात्या माझ्यापुढे!

“रामराम सायेब. त्येवढं वाटणीचं बगा की.”

“कसली वाटणी?”

“इषयांची. आमच्या पोरीला कॉम्प्युटरचा तुकडा येगळा काडून द्या. गणिताचं आमी साताऱ्यात बगतो.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “अहो काका, तसं तुकडे करून नाही देता येत. दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले असतात. एक जरी राहिला तरी डिग्री अडकते.”

“आयकलंस?” तात्या काकूकडे वळले. “सायेबच म्हनत्यात, अडाकती! मी काय येडा हाय व्हय?”

“व्हय की गं बाय,” काकूनंही पक्ष बदलला. “सातारा बरा. सुटसुटीत. घे वाटणी आन् हो मोकळी.”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “बरोबर बोलत्यात काकी.”

झालं! इतके दिवस दाबून धरलेलं सगळं डोक्यात गेलं.

“नको!” मी ओरडले.

“काय नगं?” तात्या.

“मला नको! आजवर तुम्ही म्हणाल ते ऐकलं, आज नाही ऐकणार! नको म्हणजे नको! पुन्हा विचारूसुद्धा नका!”

तात्यांचं तोंड मिटलं. काकूनं पदर ओठांवर धरला. अहाहा! काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या. बोलता बोलता तात्यांना गप्प करणारी आमच्या घराण्यातली पहिली बाई मी! ओढणी नीट केली, मान ताठ केली आणि टेबलाकडे वळले.

“हं, मॅडम. बोला.”

“आता काय बोलायचं?” मॅडमनी कीबोर्डवरचं बोट उचललं. “नको म्हणालात ना? टाकलं तसं.” आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

“अहो मॅडम, ते वाटणीला नको म्हणत होते मी!”

“पुढच्या फेरीत या.”

“तात्या! काकू! सांगा ना त्यांना काहीतरी!”

तात्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. काकू तात्यांकडे. पोरगी शिकलेली आहे, तिनं एकदा ठणकावून सांगितलं की मोठ्यांनी मध्ये बोलायचं नसतं, हे दोघांनाही नेमकं त्याच क्षणी पटलं होतं.