दुधाचं पातेलं, मटणाचं पातेलं

इंद्रलोकमधल्या आमच्या मजल्यावर धम्मपाल म्हणजे इंटरनेटचा स्वयंघोषित कुलगुरू. नोकरी एका कंपनीच्या गोदामात, पण बिल्डिंगमध्ये कुणाचं नेट अडकलं की हा न बोलावता हजर.

त्याच्या लॅपटॉपवर तीन ब्राउझर. एक फक्त बँकेसाठी. दुसरा वेगवान, त्यावर त्याच्या बायकोच्या, वैजयंतावहिनींच्या, रेसिपी आणि मालिका. तिसऱ्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'मुका'. तो बंद केला की काही लक्षात ठेवत नाही आणि जाहिरातवाल्यांना मागावर येऊ देत नाही.

"दुधाच्या पातेल्यात मटण शिजवतो का आपण?" तो मला दरडावायचा. माझी बँक आणि क्रिकेट एकाच ब्राउझरमध्ये शिजतंय हे कळल्यावर त्याने माझ्याकडचा चहासुद्धा सोडला होता.

"चपलांचे भाव बघतात, भाऊजी," वहिनी म्हणायच्या, "आणि कड्या लावतात हेरासारख्या!"

मग वहिनींच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव धम्मपालला सांगितलं. त्याची थोरली बहीण राजश्रीताई म्हणाली, "तिला कळू द्यायचं नाही. धीर सोडेल." आपल्याकडे पेशंट सोडून सगळ्यांना रोग माहीत असतो. वहिनींना सांगितलं, साधी गाठ आहे, औषधांनी विरघळेल. धम्मपाल मुक्यावर वाचत बसायचा आणि वाचून झालं की बंद करायचा.

एकदा हॉस्पिटलचा नवा रिपोर्ट ऑनलाइन आला. मुक्याची शिस्त कडक, त्यात ते पान उघडेना. धम्मपालने घाईघाईने वेगवान ब्राउझरवर उघडलं. रिपोर्ट वाचला आणि तिथेच शोधलं, या औषधाने केस जातात का.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडेच बसलो होतो. वहिनी भरल्या वांग्याची रेसिपी बघत होत्या. मसाल्याच्या वर विगची जाहिरात, खालीही विगचीच.

"अहो, हे केसांचे टोप कुणासाठी?"

"माझ्यासाठी," टक्कल चोळत धम्मपाल म्हणाला.

"लांब वेणीचे?"

मी खो खो हसलो. हसणारा मी एकटाच होतो.

वहिनींनी पान खाली सरकवलं. पुढची जाहिरात आली : 'कीमोनंतरही सुंदर दिसा.'

"पातेलं चुकलं तुमचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता तो मुका उघडा आणि इतके दिवस जे वाचलंत ते मला वाचून दाखवा. भाऊजी, तुम्ही उठू नका. हे मधलं गाळतील."

त्याने गाळलंच. गाळलेल्या ओळीवर मी बोट ठेवत होतो.

वहिनींना दिवाळी बघता आली नाही.

परवा गेलो तेव्हा वेगवान ब्राउझर समोर उघडा होता. जाहिरातवाल्यांना अजून काही कळलेलं नाही, टोप तसेच होते.

"अरे, पुसून टाक ना हे सगळं," मी म्हणालो.

"तिची वांग्याची रेसिपी अर्धी राहिलीय," धम्मपाल म्हणाला. "राहू दे."